जाड भिंती आणि बिनतारी तरंग

तंजावरचा राजवाडा एका काळात व एका राजवटीत उभा राहिलेला नाही. नायक राजांनी त्याचा आरंभ केला. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी ऊर्फ एकोजी भोसले यांनी तंजावर घेतल्यानंतर मराठी राजघराण्याने त्यात भर घातली. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी हे पुत्राविना निवर्तले आणि राजघराण्याची उरलीसुरली सत्ताही कंपनी सरकारने संपुष्टात आणली. राज्य गेले तरी राजघराण्याबरोबर दक्षिणेत आलेल्या कुटुंबांची बोली मात्र टिकून राहिली. तमिळ, तेलुगू व कन्नड शब्दांचा सढळ स्वीकार केलेली आणि मराठीची काही जुनी रूपे जपणारी ही बोली प्रामुख्याने घरातल्या घरात बोलली जाते. लिहिली क्वचितच जाते. ही कुटुंबे आता चेन्नई, बंगळूर व परदेशांतही विखुरली असल्याने, एकाच घराण्यातील माणसांना ती परस्परांशी बोलावयाची तर दूरध्वनी व संगणक यांखेरीज दुसरे साधन उरलेले नाही. म्हणून या परिसरातील घरात बिनतारी जोडणी तुटते तेव्हा केवळ करमणूक खंडित होते असे नाही.

राजवाड्याभोवतीच्या राजवीथींमध्ये अजूनही काही जुनी घरे आढळतात. रस्त्याकडे ओटा, ज्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. आत वरून उघडा असलेला चौक. चौकाभोवती खोल्या आणि या सर्वांना वेढणाऱ्या वीट व चुन्याच्या जाड भिंती, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. उन्हाळ्यात या भिंती घर थंड ठेवतात. घर बांधणाऱ्याने उन्हाचा व पावसाचा विचार केला होता. बिनतारी तरंगांचा विचार करण्याचे त्याला कारण नव्हते.

उदाहरणादाखल असेच एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. इंटरनेटची तार रस्त्याकडून येते, म्हणून राउटर ओट्यालगतच्या खोलीत बसविला आहे. आजी चौकापलीकडच्या आतल्या खोलीत राहतात. त्यांच्या नातीने नवा लॅपटॉप घेतला आहे आणि दर रविवारी त्यावरून आजी दूरच्या नातलगांशी बोलतात. आजींच्या तोंडचे शब्द, म्हणी व घरातील जुन्या हकिकती पुढे मिळणार नाहीत हे ओळखून नात हे संभाषण ध्वनिमुद्रितही करते. परंतु आठवडाभर बरा चालणारा लॅपटॉप नेमका रविवारी दगा देतो. चित्र गोठते, आवाज तुटतो, जोडणी जाते व पुन्हा येते. त्याच खोलीत नातीचा मोबाइल मात्र सुरळीत चालतो. साहजिकच घरातील सर्वांचा निष्कर्ष एकच, की नवा लॅपटॉप सदोष आहे. तो बरोबर आहे काय, हे ठरविण्यापूर्वी बिनतारी जोडणी कशी चालते ते पाहिले पाहिजे.

तरंगांचा भिंतीतून प्रवास

बिनतारी तरंग भिंतीतून जातात ही गोष्ट नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अतिशय लहान तरंगलांबीचे विद्युत् चुंबकीय तरंग भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजविली होती व बंदुकीची दारू पेटविली होती. मात्र भिंतीतून जाणे निराळे आणि निर्वेधपणे जाणे निराळे. भिंतीवर आदळलेल्या तरंगांचा काही भाग परावर्तित होतो, काही भाग भिंतीत शोषला जातो आणि उरलेलाच पलीकडे पोहोचतो. भिंत जितकी जाड तितके शोषण अधिक. पाणी या तरंगांना विशेषच शोषून घेते. म्हणून पावसाळ्यात ओल धरलेली चुन्याची भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक अडथळा करते. लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा तर तरंग जवळजवळ पुरतेच परतवून लावतो. भिंतीवरील तंजावर शैलीच्या चित्रातील सोन्याचा वर्खही तत्त्वतः हेच करतो; पण एका चित्राचा आकार तो किती, म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही.

घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन कंप्रता-पट्ट्यांत चालते. पहिला पट्टा २,४०० मेगाहर्ट्झच्या लगतचा असून त्यातील तरंगांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. दुसरा ५,००० मेगाहर्ट्झच्या वरचा असून त्यातील तरंगलांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. भारतात पहिला पट्टा २००५ साली आणि दुसऱ्याचा बराचसा भाग २०१८ साली परवान्याविना वापरण्यास खुला करण्यात आला. दुसऱ्या पट्ट्यात जागा अधिक व गर्दी कमी, म्हणून तेथे वेग चांगला मिळतो. परंतु हे आखूड तरंग भिंतीत लवकर क्षीण होतात. जाड भिंतींच्या घरात याचा परिणाम असा होतो, की राउटरजवळ असताना लॅपटॉप दुसरा पट्टा वापरतो आणि आतल्या खोलीत गेल्यावर पहिल्याचा आश्रय घेतो. यंत्र तेच, राउटर तोच. परंतु खोली बदलताच जोडणीची जातच बदललेली असते.

क्षीण होणे म्हणजे किती, याची कल्पना अंकांवरून येईल. राउटरमधून बाहेर पडणारी शक्ती वॅटच्या एक-दशांशाच्या आसपास असते. लॅपटॉपपर्यंत पोहोचताना तिचा वॅटचा एक अब्जांश उरला तरी संभाषण उत्तम चालते. हे मोजमाप डेसिबलमध्ये सांगण्याची पद्धत आहे. एक अब्जांश वॅट म्हणजे उणे ६० अंक. दर १० अंकांनी शक्ती एक-दशांश होते. म्हणजे उणे ८० या अंकाला ती आणखी शंभर पटींनी कमी झालेली असते. उणे ६७ पर्यंत चित्रसंभाषणाला सहसा अडचण येत नाही; उणे ८० ला ते भरवशाचे राहत नाही. समजा, एका भिंतीत १० अंकांची घट होत असेल, तर वाटेतल्या दोन भिंती शक्तीचा शंभरावा हिस्साच पुढे जाऊ देतील.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. वाय-फाय हे रेडिओसारखे एकतर्फी प्रक्षेपण नसून संभाषण आहे. राउटरची प्रत्येक हाक ऐकून लॅपटॉपला पोच द्यावी लागते. पोच न आल्यास राउटर तोच मजकूर पुन्हा पाठवितो व वेग कमी करतो. म्हणून पडद्यावरील रेघा समाधानकारक दिसत असतानाही जोडणी रखडू शकते; कारण त्या रेघा लॅपटॉपला राउटर किती चांगला ऐकू येतो एवढेच सांगतात, राउटरला लॅपटॉप किती ऐकू येतो हे सांगत नाहीत.

आवाज आणि गोंगाट

तरंग क्षीण होणे ही अर्धीच बाजू झाली. गर्दीच्या बाजारात माणूस ओरडून बोलला तरी ऐकू येत नाही आणि शांत देवळात कुजबुजही ऐकू येते. महत्त्व असते ते आवाज व गोंगाट यांच्या प्रमाणाला. पहिल्या पट्ट्यात हा गोंगाट पुष्कळ असतो. शेजारच्या घरांतील राउटर, ब्लूटूथवर चालणारी साधने आणि मायक्रोवेव्ह भट्टी हे सर्व याच पट्ट्यात वावरतात. पट्ट्याचे लहान लहान भाग पाडून त्यांना क्रमांक दिलेले असतात. परंतु लगतचे क्रमांक एकमेकांवर चढलेले असल्याने परस्परांना त्रास न देणारे भाग व्यवहारात १, ६ व ११ हे तीनच मानले जातात. शेजारचे सारे राउटर एका भागात गर्दी करून असतील, तर आपला राउटर दुसऱ्या भागात हलविणे श्रेयस्कर ठरते.

दोषाचा शोध

बिघाड शोधण्याचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय घडले ते लिहून ठेवावे. लॅपटॉप, राउटर व त्यांची मांडणी एकदम बदलली आणि जोडणी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळत नाही आणि दोष परत आला की शोधही पहिल्यापासून करावा लागतो.

दुसरा नियम असा, की साखळीचे दुवे वेगळे करावेत. बाहेरून राउटरपर्यंतची तार हा पहिला दुवा, राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची बिनतारी वाट हा दुसरा आणि स्वतः लॅपटॉप हा तिसरा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. केबलसाठी जागा नसल्यास त्यासाठी छोटे जोडसाधन मिळते. केबलवरही जोडणी तुटत असेल, तर बिनतारी वाटेचा दोष नव्हे, हे स्पष्ट होईल. केबलवर ती स्थिर राहिली, तर पहिला दुवा शाबूत समजावा. ‘पिंग’ नावाची एक साधी आज्ञा लॅपटॉपमध्ये असते. तिच्या योगे राउटरला हाक मारून प्रत्युत्तर किती मिलिसेकंदांत आले ते मोजता येते. राउटरकडून उत्तर तत्काळ येते आणि बाहेरून मात्र येत नाही, तर सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार करावी. राउटरकडूनच उत्तर रखडत असेल, तर शोध घरातच करावयाचा आहे.

त्यानंतर केबल काढून लॅपटॉप राउटरच्या समोर ठेवावा. तेथेही बिनतारी जोडणी तुटली तर संशय लॅपटॉपवर येतो. मोबाइलवरून दिलेल्या जोडणीवरही तोच प्रकार घडला तर संशय बळावतो. अशा वेळी वाय-फाय यंत्रणेचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालविणारी आज्ञावली, निर्मात्याकडून आलेल्या नव्या आवृत्तीने बदलावी. विजेची बचत करण्यासाठी ही यंत्रणा मध्येच झोपी जात असेल, तर ती सोय बंद करावी. आणि लॅपटॉपने साठविलेली जुनी जोडणी पुसून, परवलीचा शब्द देऊन ती नव्याने करावी. एवढे करूनही दोष राहिला तर हमीची मुदत संपण्यापूर्वी लॅपटॉप विक्रेत्याकडे न्यावा.

रविवारचे कोडे

आता आपल्या उदाहरणातील घराकडे वळू. केबलवर जोडणी स्थिर आहे. राउटरसमोर बिनतारी जोडणीही स्थिर आहे. म्हणजे तार निर्दोष आणि लॅपटॉपही निर्दोष. मग दोष भिंतीचा म्हणावा, तर मोबाइल त्याच आतल्या खोलीत चालतो आणि लॅपटॉपसुद्धा तेथे सोमवार ते शनिवार चालतो. भिंत रविवारी अधिक जाड होत नाही. तेव्हा रविवारी निराळे काय असते, हा खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर नातीच्या वहीतील नोंदींतच आहे. रविवारी ध्वनिमुद्रण साठविण्यासाठी ती लॅपटॉपला एक बाहेरची डिस्क जोडते.

यूएसबीच्या तिसऱ्या पिढीची जोडणी अतिशय वेगाने माहिती वाहून नेते आणि तसे करताना तिची खाच, केबल व डिस्क यांतून काही विद्युत् चुंबकीय गोंगाट बाहेर पडतो. हा गोंगाट वाय-फायच्या पहिल्या पट्ट्यातही पसरतो, हे इंटेल कंपनीच्या अभियंत्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. लॅपटॉपचा आकाशक, ज्याला व्यवहारात अँटेना म्हणतात, पुष्कळदा पडद्याच्या चौकटीत किंवा बिजागरीजवळ दडविलेला असतो आणि यूएसबीची खाच तेथून फार दूर नसते. राउटरजवळ लॅपटॉप दुसऱ्या पट्ट्यात असल्याने त्याला या गोंगाटाची बाधा होत नाही. आतल्या खोलीत तो पहिल्या पट्ट्यात येतो. भिंतींनी आवाज आधीच क्षीण केलेला असतो आणि डिस्कचा गोंगाट त्यावर मात करतो. भिंत एकटी किंवा डिस्क एकटी जोडणी तोडत नाही. दोन्ही एकत्र येतात तेव्हाच ती तुटते. मोबाइलला डिस्क नसल्याने तो वाचतो. पडताळणी सोपी आहे. संभाषण चालू असताना डिस्क काढावी व पुन्हा जोडावी. प्रत्येक वेळी प्रत्युत्तराचे अंक बदलले तर निदान पक्के झाले.

उपाय

पहिल्या उपायास काहीच खर्च नाही. ध्वनिमुद्रण लॅपटॉपच्या अंतर्गत साठ्यात करावे आणि संभाषण संपल्यावर डिस्कवर उतरवून घ्यावे. डिस्क जोडावयाचीच असेल, तर चांगल्या आवरणाची मीटरभर केबल घेऊन ती लॅपटॉपपासून दूर ठेवावी.

दुसरा उपाय भिंतीवरचा. राउटर कपाटामागून व जमिनीवरून काढून चौकाच्या बाजूस उंचावर ठेवला, तर तरंगांना उघड्या चौकाची व दारांची वाट मिळते. एवढ्याने न भागल्यास चौकाच्या कडेने केबल आतल्या खोलीत नेऊन तेथे दुसरे बिनतारी केंद्र बसवावे. अशी केबल १०० मीटरपर्यंत नेता येते आणि ती झरोक्यातून नेल्यास जुन्या भिंतीला भोक पाडावे लागत नाही. तरंग ऐकून पुन्हा पाठविणारे पुनःप्रक्षेपक स्वस्त पडतात. पण एकाच भागात ऐकणे व बोलणे दोन्ही करावे लागत असल्याने वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जोडणी पोहोचत नाही त्याच खोलीत ते ठेवण्याची चूक सर्रास होते. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? ते वाटेत, आवाज अजून चांगला असलेल्या जागी ठेवले पाहिजेत.

उदाहरणातील लॅपटॉप विक्रेत्याकडे परत गेला असता, तर तेथील टेबलावर, राउटरच्या समोर व डिस्क न जोडता, तो निर्दोषच ठरला असता आणि तसाच घरी परत आला असता. त्या दिवसांत आजींच्या किती हकिकती मुद्रित होण्याच्या राहिल्या असत्या, याचा हिशेब कोणत्याही डेसिबलमध्ये करता येत नाही. दोष सापडला तो महागड्या उपकरणाने नव्हे, तर केव्हा, कोठे आणि कशाबरोबर घडले याच्या चार ओळींच्या नोंदीने.