साप्ताहिक सुट्टी: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

आठवड्याची सुट्टी आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागचा इतिहास विचारावासाच वाटत नाही. त्यामुळे तिच्याबद्दलचे समजही तपासले जात नाहीत. मालकाला ‘आज येत नाही’ असे सांगण्याची ज्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी ही सुट्टी आहे. एवढे एक सूत्र धरले, तर पुढचे गैरसमज दूर व्हायला मदत होते.

गैरसमज १: शब्बाथ म्हणजे रविवार.

वस्तुस्थिती: ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री संपतो. रविवार पाळण्याची प्रथा ख्रिस्ती परंपरेतली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवारी न्यायदान आणि शहरांतले कारागिरी व्यवसाय बंद ठेवण्याचा हुकूम काढला. पेरणी-लावणीची वेळ टळू नये म्हणून शेतकऱ्यांना मात्र मोकळीक दिली. शनिवार पाळणारे लोक आपल्या कोकणातही होते. अलिबाग परिसरातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

गैरसमज २: शब्बाथला काहीही झाले तरी हात हलवायचा नाही.

वस्तुस्थिती: ज्यू धर्मशास्त्राने निषिद्ध कामांचे ३९ प्रकार ठरवले आहेत. नांगरणे, पेरणे, विणणे, लिहिणे, विस्तव पेटवणे हे त्यांतले काही. पण कोणाच्या जिवावर बेतले असेल, तर हे नियम बाजूला ठेवणे हे कर्तव्यच मानले जाते. शिवाय ही आज्ञा घरधन्यापुरती नाही. दास, दासी, दारी आलेला परका आणि बैल-गाढव यांनाही त्या दिवशी विसावा मिळाला पाहिजे, असे बायबलमध्ये स्पष्ट आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू न ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातला भाव समजावून सांगावा लागणार नाही.

गैरसमज ३: रविवारची सुट्टी इंग्रजांनी आपण होऊन दिली.

वस्तुस्थिती: मुंबईच्या गिरणी कामगारांपुरते तरी हे साफ चूक आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त बालकामगारांना. प्रौढ स्त्री-पुरुषांना हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई या त्यातल्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली. ख्रिस्ती प्रार्थनेचा रविवार मराठी कामगाराच्या घरी खंडोबाचाही वार होता.

गैरसमज ४: सुट्टीची सक्ती म्हणजे धर्माचीच सक्ती.

वस्तुस्थिती: कायदा कसा लिहिला आहे, यावर ते ठरते. कॅनडाचा रविवार पाळायला लावणारा १९०६ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये रद्द केला, कारण त्याचा हेतूच धार्मिक होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये असे कायदे वैध ठरवले. सर्वांना एक समान विसाव्याचा दिवस देणे, हा हेतू न्यायालयाने मान्य केला. पण त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे ज्यू दुकानदार खटला हरले. शनिवारी धर्मामुळे आणि रविवारी कायद्यामुळे अशी त्यांची दुकाने दोन दिवस बंद राहत. इस्रायलच्या १९५१ च्या कायद्याने वेगळी वाट काढली: ज्यूंना शनिवार, इतरांना शुक्रवार, शनिवार वा रविवार यांतला एक. विसावा सर्वांना, पण वार एकच नाही, हा मार्ग न्यायाच्या अधिक जवळचा आहे.

गैरसमज ५: दुकाने ३६५ दिवस उघडी, म्हणजे सुट्टी संपली.

वस्तुस्थिती: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान रोज उघडे ठेवण्याची मुभा दिली, माणसाला रोज राबवण्याची नाही. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला आठवड्यातून सलग किमान २४ तासांची सुट्टी द्यावीच लागते. तो वार रविवारच असला पाहिजे, असे नाही. कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या केंद्रीय संहितेतही आठवड्याला सहा दिवसांपेक्षा जास्त काम घेण्यास मनाई आहे.

मात्र लहान दुकानातला एकटा नोकर आणि घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाया या दुकान कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांची सुट्टी आज आपल्या मर्जीवर आहे आणि ते बदलायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना त्यांच्या सोयीचा वार विचारा, तो पक्का करा आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका. आठवड्याची हक्काची सुट्टी ही लोखंड्यांनी गिरणीमालकांपुढे ठेवलेलीच मागणी आहे.