न वितळता जुळलेलं लोखंड

पेट्रोलमधलं शिसं २००० साली भारतभर बंद झालं, हे फार चांगलं झालं. पण त्याच शिशाच्या संयुगांचा पातळ थर इंजिनातली व्हॉल्व्ह सीट, म्हणजे झडप बंद होताना टेकते ती कडी, झिजू देत नसे. सीएनजी तर आणखी कोरडा! मग ही सीट टिकवायची कशी?

उत्तर भुकटीत सापडलं. लोखंडाच्या भुकटीत कोबाल्ट-मॉलिब्डेनमयुक्त कठीण कण मिसळून ती सीटच्या साच्यात दाबतात आणि सुमारे ११२० अंश सेल्सिअसला भट्टीत तापवतात. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. म्हणजे इथे ते घनच राहतं. अणू सरकून कण सांधले जातात. इतक्या वेगळ्या स्वभावाचे घटक ओतकामात एकत्र नांदवणं अवघड, म्हणून मला ही पद्धत मोलाची वाटते. कणांमध्ये उरलेल्या छिद्रांत अनेकदा वितळलेलं तांबं मुरवतात. ते सीटवरची उष्णता झटकन बाहेर नेतं.