परीक्षा उसाच्या फडात घ्यावी

डिझाइन थिंकिंग या पद्धतीचा आग्रह साधा आहे. उपाय सुचवण्याआधी ज्याची अडचण आहे त्याच्याकडे जा, अडचण नेमकी कोणती ते ठरवा, स्वस्तातला कच्चा नमुना करून त्याच्याच हाती द्या आणि चुकले ते बदला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डी-स्कूल आणि आयडिओ कंपनी यांनी जगभर पोचवलेली ही पद्धत आता बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत शिकवली जाते, आणि शिकवणे आले की प्रमाणपत्रही आलेच. पण चार पर्यायांतून एक उत्तर निवडायला लावणारी परीक्षा घेतली, तर उमेदवाराला पायऱ्यांची नावे पाठ आहेत एवढेच कळते. दुसऱ्याची अडचण त्याला दिसते का, हे त्यातून कळत नाही, आणि खरे कौशल्य तेच आहे.

ही दृष्टी नसली की काय होते, ते बीड जिल्ह्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. इथून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. २०१९ मध्ये या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले, तेव्हा त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समजले. खासगी डॉक्टरांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावणे हा त्यावरचा एक उपाय. तो आवश्यकच होता, पण त्यात अडचण दवाखान्यात आहे असे धरलेले आहे. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई, आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, अंगावरून जाते म्हणून बसावे तर खाडा. हे सगळे एकत्र मांडले की प्रश्न दवाखान्याच्या दारातून उठून मजुरीच्या करारात जाऊन बसतो.

म्हणून साखर कारखान्याचा अभियंता असो की आरोग्य अधिकारी, त्याच्या कौशल्याची परीक्षा कागदावर न घेता अशा कामावर घ्यावी. समजा, फिरत्या शौचालयाचा आराखडा करायचा आहे. मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, जिथे पडतात तिथे शौचालय उभे केले, तर अहवाल छान होईल. पण बाई पहाटेपासून फडात असते आणि फड रोज नवा असतो. उमेदवाराच्या हे कोणत्या टप्प्यावर लक्षात आले, पहिला नमुना का फसला, त्यानंतर त्याने काय बदलले, कोणाचे ऐकून बदलले, याची तारीखवार नोंद परीक्षकाने वाचावी आणि त्यावर उलटतपासणी घ्यावी. माझ्या मते गुणांचा मोठा वाटा या बदलांना हवा. पहिल्या मसुद्यापासून शेवटच्या मसुद्यापर्यंत काहीच बदलले नसेल, तर तो माणूस फडात गेलाच नसण्याची शक्यता अधिक.

यावर पहिला आक्षेप येतो की, असे मूल्यमापन परीक्षकाच्या मर्जीवर चालेल. पण वैद्यकीय शिक्षणाने हा प्रश्न कधीच हाताळला आहे. १९७५ मध्ये डंडी विद्यापीठातील रोनाल्ड हार्डन यांनी अशी परीक्षा मांडली, की प्रत्येक विद्यार्थी ठरावीक वेळेत त्याच टप्प्यांतून जातो आणि काय तपासायचे याची यादी आधीच तयार असते. आपल्याकडे मुंबई आयआयटी घेत असलेल्या ‘सीड’ या प्रवेशपरीक्षेत पहिल्या भागाची चाळणी संगणकावर लागते, पण पुढच्या भागात हाताने रेखाटावेच लागते. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातही रुग्णाला नीट विचारता येते का, हे रुग्णाशेजारी उभे राहूनच पाहिले जाते. ऐकण्याचे कौशल्य तपासता येत असेल, तर बाकीचेही येईल. दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत आणि तफावत मोठी असेल तर तिसऱ्याने पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उपाय चालणे न चालणे कारखाना, मुकादम आणि सरकार यांच्या हाती असते. मग त्याची शिक्षा उमेदवाराला का? ती देऊच नये. फसलेला पण प्रामाणिकपणे नोंदवलेला प्रयोग उत्तीर्ण ठरू शकला पाहिजे. खर्चाचा मुद्दाही खरा आहे. अशी प्रमाणपत्रे थोड्यांनाच मिळतील, आणि त्यावर ‘अमुक कामातील’ एवढीच मर्यादित नोंद असावी. मात्र परीक्षक मंडळात ऊसतोड करणारी एक बाई असलीच पाहिजे, तीही हंगाम चालू असताना. त्या दिवसाची दोघांची मजुरी परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आधी तिच्या हातात ठेवावी, म्हणजे मत द्यायला आली म्हणून तिच्या कोयत्यावर खाडा पडणार नाही.