हॅकर नेटमध्ये, दोस्त भरितात!

पुण्याहून निघताना लॅपटॉप मुद्दाम घरीच ठेवला. बॅगेत टाकले ते दहा बाजूंचे फासे, पेन्सिली आणि कागद. डिसेंबरचा विकएण्ड, जामनेरची थंडी आणि शाळेतले आम्ही पाच दोस्त. एक आयटीत, एक बँकेत, एक घरची कपाशी बघतो... भेट वर्षातून एकदाच! ठरलं, यंदा पत्ते नाहीत. यंदा सायबरपंक!

हा कॉम्प्युटर गेम नाही बरं का. सगळ्यांनी गोल करून बसायचं. एक जण 'जीएम', म्हणजे गोष्ट पुढे नेणारा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. बेत जमला की फसला, हे फासे सांगणार. माइक पाँडस्मिथ या अमेरिकन गेम डिझायनरनं हा खेळ १९८८ मध्ये आणला. भविष्यातलं शहर, मुजोर कंपन्या आणि त्यांच्याशी पंगा घेणारी आपली टोळी. २०२० मध्ये गाजलेला 'सायबरपंक २०७७' हा व्हिडिओ गेम याच्यावरूनच निघाला.

मी अर्थातच हॅकर झालो. खेळातलं नाव 'नेटरनर'. एकदम कूल!

एकटाच हिरो

पहिल्या रात्री आम्ही १९९० ची जुनी आवृत्ती काढली. तिच्यात नेटरनर लांबून कुठूनही कंपनीच्या सिस्टिममध्ये घुसू शकतो. आत त्याच्यासाठी वेगळा नकाशा, वेगळे प्रोग्रॅम, वेगळी लढाई. मी घुसलो. फासे टाकतोय, जीएम उत्तर देतोय, मी पुन्हा टाकतोय. पाऊण तास कसा गेला कळलंच नाही.

मान वर केली तर गच्चीवर जीएम आणि मी, दोघंच! बाकीचे तिघं खाली. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत झालेलं, पुऱ्याही अर्ध्या संपलेल्या. 'तुझं चालू दे भो, आमचं काय काम तिथं?' एक जण म्हणाला. हसत म्हणाला, पण लागलं.

हे दुखणं एकट्या जामनेरचं नाही. १९८९ च्या 'शॅडोरन' या खेळातही हॅकर आत गेला की बाकीचे मोकळेच. परदेशातले खेळाडू गमतीनं म्हणत, हॅकर कामाला लागला की इतरांनी पिझ्झा आणायला जावं!

सहा मीटरचा नियम

२०२० च्या 'सायबरपंक रेड'नं यावर साधा उपाय काढला. या गोष्टीत जुनं जागतिक नेट कोसळलेलं आहे. त्यामुळे हॅकरला टोळीबरोबर इमारतीत शिरावंच लागतं आणि ॲक्सेस पॉइंटच्या सहा मीटरच्या आत राहावं लागतं. त्याबाहेर गेला की कनेक्शन तुटतं, आणि आत गाठ पडलेले घातक प्रोग्रॅम जाता जाता डंख मारतात.

आतला नकाशाही सोपा झाला. लिफ्टसारखे एकाखाली एक मजले. कुठे पासवर्ड, कुठे फाइल, कुठे कॅमेऱ्यांचा ताबा. नव्या नेटरनरचा 'इंटरफेस' ४ असतो. फाशावर ५ पडले तर बेरीज ९. पासवर्डची काठिण्यपातळी ८ असेल तर दार उघडलं! इंटरफेस ४ असला की एका डावात अशा तीन हालचाली मिळतात. मग लगेच पुढच्याची पाळी.

दुसऱ्या रात्री फरक दिसला. मी पासवर्ड फोडतोय, कपाशीवाला दोस्त दारात गोळ्या झेलतोय, बँकवाला ओरडतोय, 'अरे लवकर!' मी कॅमेरे बंद केले म्हणून ते वाचले. ते दारात उभे राहिले म्हणून मी वाचलो. भरीत थंड झालं, पण कुणी उठलं नाही.

बसण्याआधी हे ठरवा

- हॅकर एकच असावा आणि त्यानं आपले नियम आधी वाचून यावेत.
- जीएमनं नेटमधले मजले थोडेच ठेवावेत.
- हॅकिंग आणि मारामारी एकाच वेळी चालू ठेवावी.
- नेटमध्ये जे सापडेल, त्यानं बाहेरच्यांचं काहीतरी बदललं पाहिजे.

शेवटच्या रात्री आयटीवाल्याचा फोन वाजला. ऑफिस! तो उठून गच्चीच्या टोकाला गेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली... मग कपाशीवाल्यानं हाक मारली, 'सहा मीटर, भो!'

त्यानं फोन ठेवला आणि फासे उचलले.