फ्रेंच भाषेचे अध्ययन आणि मराठी विद्यार्थी

गिरगाव-दादरपासून परळ-लालबागपर्यंतच्या मराठी घरांत फ्रेंच भाषा शिरते ती बहुधा अकरावीच्या प्रवेशाबरोबर. ह्या विषयात गुण चांगले मिळतात, हे तिच्या निवडीचे पहिले कारण. पुढेमागे परदेशी शिक्षणास वा नोकरीस ती उपयोगी पडेल, हे दुसरे. दोन्ही कारणे व्यवहारास धरून आहेत. परंतु परीक्षा संपताच पाठ्यपुस्तक रद्दीत जाणार असेल, तर हा लाभ अल्पजीवीच म्हटला पाहिजे. मराठी भाषकास फ्रेंचपासून होणारा टिकाऊ लाभ निराळा आहे. इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून युरोपातील विद्येशी व वाङ्मयाशी, आणि काही अंशी स्वतःच्या भाषेशीही, त्याचा थेट संबंध जुळतो.

ही मध्यस्थी कशी आड येते, हे पहिल्याच पाठात दिसून येते. रोमन लिपी विद्यार्थ्याने इंग्रजीबरोबर शिकलेली असते; म्हणून 'टी' आणि 'डी' ही अक्षरे दिसताच तो ट आणि ड असे उच्चार करतो. वस्तुतः फ्रेंचमधील हे वर्ण दंत्य आहेत, म्हणजे मराठीतील त आणि द ह्यांच्या अगदी जवळचे. ज्या अक्षरांनी इंग्रजीत 'टेबल' लिहितात, त्याच अक्षरांचा फ्रेंच उच्चार 'ताब्ल' असा होतो. इंग्रजीत शब्दारंभीच्या प आणि क ह्यांत महाप्राणाची छटा येते. फ्रेंचमध्ये ती नसते, मराठीतही नसते. जे इंग्रज विद्यार्थ्यास कष्टाने साधावे लागते, ते मराठी मुलाच्या जिभेवर आधीच असते. ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्यासारखा होणारा स्वर मात्र त्यालाही नव्यानेच शिकावा लागतो.

व्याकरणाची गोष्टही अशीच आहे. 'तू' आणि 'तुम्ही' ह्यांतील भेद मराठी मुलास समजावून द्यावा लागत नाही. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'व्हू' अशी जवळजवळ तीच व्यवस्था आहे. निर्जीव वस्तूस लिंग असावे, ह्याचेही त्यास नवल वाटत नाही. खुर्ची दोन्ही भाषांत स्त्रीलिंगीच आहे. मात्र सर्वत्र असा मेळ बसेल असे मानून चालणार नाही, आणि फ्रेंचला नपुंसकलिंगही नाही.

ह्याहून सूक्ष्म असे एक साम्य आहे. मराठीत 'मी लेख लिहिला', पण 'मी चिठ्ठी लिहिली'. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. फ्रेंचमध्ये 'मी लिहिले' ह्या अर्थी 'जे एक्री' असे म्हणतात. परंतु स्त्रीलिंगी कर्म वाक्यात आधी आले, जसे 'जी चिठ्ठी मी लिहिली', तर त्याच धातुसाधिताचे रूप 'एक्रीत' असे होते. ह्याचे कारण ऐतिहासिक आहे. संस्कृत 'लिखित' काय किंवा लॅटिन 'स्क्रिप्तुम' काय, मुळात कर्माचे विशेषण असलेले धातुसाधितच दोन्हीकडे पुढे भूतकाळ दाखवू लागले. इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्यास जो नियम घोकावा लागतो, तो मराठीच्या आधाराने समजून घेता येतो.

वाङ्मयाकडे वळले म्हणजे मध्यस्थीचा परिणाम अधिक स्पष्ट होतो. गोविंद बल्लाळ देवल ह्यांच्या 'संगीत संशयकल्लोळ' नाटकातील फाल्गुनराव मराठी प्रेक्षकास घरच्यासारखा वाटतो. देवलांच्या समोर होते ते आर्थर मर्फी ह्या इंग्रजी नाटककाराचे १७६१ मधील नाटक. त्याचे मूळ मोलिएर ह्या फ्रेंच नाटककाराच्या १६६० मधील प्रहसनात आहे. मोलिएर असा इंग्रजीच्या वाटेने महाराष्ट्रात आला. देवलांची कृती त्यामुळे उणी ठरत नाही. परंतु मूळ प्रहसनात काय होते आणि वाटेत काय बदलले, ह्याचा निर्णय फ्रेंच जाणणाराच करू शकतो.

थेट वाटेने जाणारेही झाले. गिरगाव चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयात गणित शिकविणारे र. धों. कर्वे १९१९ साली उच्च अध्ययनासाठी पॅरिसला गेले. पुढे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविणाऱ्या ह्या लेखकाने फ्रेंच कथाही मराठीत आणल्या.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र मराठी भाषेच्याच इतिहासाचे आहे. संस्कृत-प्राकृतांपासून मराठीचे वर्ण आणि रूपे कशी घडत गेली, ह्याचा शास्त्रशुद्ध मागोवा घेणारा झ्यूल ब्लॉक ह्यांचा ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, तो फ्रेंचमध्ये. वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनी त्याचे 'मराठी भाषेचा विकास' हे भाषांतर १९४१ साली वाचकांच्या हाती दिले. इंग्रजी भाषांतर निघाले ते १९७० मध्ये. म्हणजे ह्या एका ग्रंथापुरती मराठी इंग्रजीच्या एकोणतीस वर्षे पुढे होती, आणि तेही एका मराठी पंडिताने फ्रेंच भाषा आत्मसात केली म्हणून. ह्याच ब्लॉक ह्यांचा भारतीय-आर्य भाषांवरील १९३४ मधील ग्रंथ इंग्रजीत यावयास १९६५ साल उजाडले. तोवर इंग्रजीवर विसंबणाऱ्या अभ्यासकास वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

एका भाषेच्या खिडकीतून सारे जग पाहण्याची सवय सोयीची असते. पण त्या खिडकीतून जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, असा समज त्या सवयीने होऊ लागतो. बारावीनंतर फ्रेंचचे पुस्तक मिटण्यापूर्वी विद्यार्थ्याने एखादी लहानशी कथा मुळातून वाचावी आणि तिचा एक परिच्छेद, मध्ये इंग्रजी न आणता, मराठीत उतरवून पाहावा. गुणपत्रिकेत त्याची नोंद होणार नाही. परंतु भाषा येऊ लागली की नाही, हे त्यावरून निश्चित कळेल.