उलट बाजूची पारख

राहुरीहून मनमाडच्या दिशेने जाणारा रस्ता कोल्हार, शिर्डी, कोपरगाव अशी गावे मागे टाकीत येवल्यास पोहोचतो, आणि उलट दिशेस तोच रस्ता अहिल्यानगरच्या कापडबाजाराकडे नेतो. त्यामुळे मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या या तालुक्यातील कुटुंबात एखादे कार्य निघाले, म्हणजे बस्ता बांधण्यास येवल्याच्या मागांकडे जावे, नगरच्या पेढ्यांकडे जावे, की हातातील फोनवरच नामांकित कंपनीचा माल मागवावा, यावर वडीलधाऱ्यांपासून करवलीपर्यंत सर्वांचा खल सुरू होतो. या खलात दराचा आणि हौसेचा विचार भरपूर होतो. परंतु दिलेल्या रकमेपैकी किती हिस्सा वस्तूस गेला आणि किती तिच्यावरील नावास, हा हिशेब बहुधा मांडलाच जात नाही.

पोशाखावरील नावाचे मोल घेण्याची ही प्रथा फार प्राचीन नाही. १८५८ च्या सुमारास पॅरिसमध्ये पेढी थाटणारा चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा मूळचा इंग्रज पोशाखकार, चित्रकाराने चित्रावर सही करावी त्याप्रमाणे, आपल्या नावाची पट्टी पोशाखाच्या आत शिवू लागला. आणि जी पट्टी कारागिराची ओळख म्हणून आत होती, ती पुढे प्रतिष्ठेची खूण होऊन छातीवर झळकू लागली.

तथापि महाग तेवढे पोकळ, असा सरसकट निवाडा करणेही अन्यायाचे होईल. हातमागावरील अस्सल पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगासाठी निराळी कांडी चालवून धागा धाग्यात गुंतविलेला असतो, म्हणून पदराची उलट बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरील ‘सेमी-पैठणी’च्या मागे मात्र बहुधा सुटे धागे लोंबताना किंवा कापलेले आढळतात. एका लुगड्यास काही आठवडे, आणि नक्षी भरगच्च असल्यास कित्येक महिने लागतात. तेव्हा तिच्या किमतीतील मोठा भाग रेशीम, जर आणि मजुरी यांचा असतो. २०१० साली पैठणीस भौगोलिक मानांकन मिळाले, ते या कसबामुळेच. सेमी-पैठणी स्वस्तात घेऊन हौस भागविण्यात कमीपणा काहीच नाही. दोष आहे तो ती हातमागाची म्हणून गळ्यात मारणाऱ्याचा.

प्रसाधनांच्या बाबतीतही हीच परीक्षा लागू पडते, फक्त येथे उलट बाजू वेष्टनाची. अंगाच्या साबणाची प्रत भारतीय मानकानुसार एकूण स्निग्धांशावरून, म्हणजे ‘टीएफएम’वरून ठरते : पहिल्या प्रतीस किमान ७६ टक्के, दुसरीस ७० आणि तिसरीस ६०. पहिल्या प्रतीचा साबण प्रत्येकाच्या त्वचेस मानवेलच असे नव्हे. परंतु तो साध्या वेष्टनात, माफक दरातही मिळू शकतो, हे ध्यानी ठेवावे. क्रीमच्या दर्शनी बाजूस केशराचे चित्र असले, तरी घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. त्या यादीत केशर शेपटाला असेल, तर चित्राचे पैसे आपण कशासाठी द्यावयाचे? लेबलाचा महिमा तर सरकारदरबारीही गाजलेला आहे. शुद्ध खोबरेल तेलाच्या लहान बाटल्या खाद्यतेल मानाव्यात की केशतेल, हा वाद डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटविला, तेव्हा एकावर ५ टक्के कर होता आणि दुसऱ्यावर १८. केशतेल म्हणून न विकलेले तेल खाद्यतेलच, असा निर्णय झाला.

स्वस्ताईच्या नादात ही उलट बाजू कोरी असलेला माल मात्र घेऊ नये. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि वापराची अखेरची मुदत हा मजकूर नसेल, तर ती बचत नव्हे, जोखीम होय. २०२३ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाची क्रीमे वापरणाऱ्या काही जणांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे आढळले, आणि संशयाचे बोट क्रीमांतील पाऱ्याकडे गेले.

आपल्याकडील कार्यांत सर्वांत व्यर्थ खर्च बहुधा मानपानाच्या साड्यांवर होतो, कारण त्यांची घडीही न मोडता एका घरचा आहेर दुसऱ्या घरी रवाना होतो. दोन्हीकडच्या मंडळींनी बैठकीतच ही संख्या समजुतीने कमी केली, रोजच्या वापराचे कपडे व प्रसाधने नावाऐवजी गुण पाहून घेतली, आणि अशा रीतीने शिल्लक राहिलेल्या रकमेतून नवरीसाठी एकच अस्सल पैठणी घेतली, तर वाचलेला पैसा विणकराच्या मजुरीस लागेल. आणि अशा काटकसरीस कृपणता म्हणण्याचे धाडस व्याह्यांनाही होणार नाही.