दसऱ्याला आली, संक्रांतीला अडली

जीएसटी कपातीने दुचाकीच्या बाजारात काय घडवलं, यावर दसऱ्यापासून भरपूर लिहून झालं आहे. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि रोजच्या कामाला स्कूटर असलेल्या घरांत हौसेची म्हणून दुसरी गाडी आली. या दुसऱ्या गाडीचं पुढे काय होतं, ते आता संक्रांतीच्या सुमारास कळायला लागलं आहे. एका रविवारी ती ताम्हिणीला जाऊन येते. पुढचे दोन रविवार लग्नांत जातात, तिसरा झोपेत. मग एका गार सकाळी बटण दाबावं तर मीटरचा पडदा मंदावतो आणि सीटखालून नुसतं टक-टक-टक ऐकू येतं. सेल्फ काही फिरत नाही.

अशा वेळी सोसायटीत तीन सल्ले हमखास मिळतात. धक्का मारा. कुणाच्या तरी कारवरून वायर जोडा. नाहीतर कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून चार्जर आणा आणि द्या लावून. सल्ला देणारे अनुभवी असतात, पण तो अनुभव बहुतेक वेळा बीएस-६ च्या आधीच्या गाड्यांवरचा असतो.

त्या काळी बॅटरी ही सोय होती. बजाजच्या जुन्या स्कूटरपैकी अनेकींत बॅटरीच नसे. दिवा थेट मॅग्नेटोवर जळायचा, सिग्नलला मंदावायचा आणि रेस दिली की उजळायचा. बुलेटच्या हेडलाइटच्या टोपावर स्पीडोमीटरशेजारी चक्क अँमीटर बसवलेला असे. रात्री दिवा लावून गाडी रेंगाळली की काटा उणे बाजूला झुके आणि बॅटरीतून किती जातंय ते स्वाराला नजरेच्या टप्प्यात दिसे. आजच्या मीटरवर मोबाइलवरचा फोन कुणाचा आला ते दिसतं, बॅटरीची अवस्था बहुतेक गाड्यांत दिसत नाही.

मधल्या काळात बॅटरीवरचा भार मात्र चढत गेला. १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइटचा स्विच गेला. इंजिन चालू तोवर दिवा चालू. २०१९ मध्ये १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि किकही बऱ्याच गाड्यांतून नाहीशी झाली. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पेट्रोल पंप विजेवर चालतो. पंपाने दाब धरायचा, ईसीयू नावाच्या छोट्या संगणकाने जागं व्हायचं, त्याने इंजेक्टर उघडायचा, तेव्हा कुठे इंजिनात पेट्रोल पोचतं. बॅटरी पार बसली असेल तर यातलं काहीच होत नाही. दोन पोरांनी गाडी गेटपर्यंत पळवली तरी दम लागण्यापलीकडे फारसं हाती येत नाही. किक असलेल्या काही छोट्या गाड्या अजून उठतात, त्या सुखी.

गंमत म्हणजे ज्या डब्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, तो फारसा बदललेला नाही. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसं आणि गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली, तीच रीत आजही आपल्या सीटखाली आहे. फरक इतकाच की आता ती बंदिस्त असते. अॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं आणि डिस्टिल्ड वॉटर घालायची भोकं नसतात. हा ‘मेंटेनन्स फ्री’ शब्द मला दिशाभूल करणारा वाटतो. पाणी घालायचं काम गेलं हे खरं, पण जादा चार्जिंगने आतलं पाणी वायू होऊन झडपेतून गेलं तर ते परत घालायची वाटही गेली. जुनी बॅटरी अत्याचार सोसून पुन्हा उभी राहायची. नवी तसं करत नाही.

पुण्याच्या नाना पेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. मागच्या भिंतीला लाकडी फळीवर हिरव्या पत्र्याचा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर आहे, वर गोल नॉब, शेजारी डुगडुगता काटा. कार-टेम्पोच्या बॅटऱ्या त्याच्यावर रात्रभर बुडबुडत असतात. दुचाकीची बॅटरी मात्र ते त्याला लावत नाहीत. तिच्यासाठी काउंटरवर तळहाताएवढा वेगळा चार्जर आहे. आणि गाडी नवी असेल, चार्जर गिऱ्हाइकाने स्वतः आणलेला असेल, तर बॅटरी गाडीतून सोडवल्याशिवाय चिमटे लावायचे नाहीत हा त्यांचा दंडक. विचारलं तर ते तत्त्वज्ञान सांगत नाहीत. खणातून एक जळका ईसीयू काढून समोर ठेवतात.

त्यांचं बरोबर आहे, आणि कारण साधं आहे. किल्ली बंद केली म्हणजे गाडी बॅटरीपासून तुटली असं आपण समजतो. तसं नसतं. घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा, ईसीयूची स्मृती यांना जाणारी तार कायम जिवंत असते. बॅटरीच्या टोकांवर जो दाब येईल तो याच तारेने आत पोचतो. गाडी चालताना रेग्युलेटर तो साधारण साडेचौदा व्होल्टच्या आत ठेवतो आणि आतली यंत्रणा त्याच हिशेबाने बनवलेली असते. चांगला ‘स्मार्ट’ चार्जरही साडेचौदाच्या आसपास थांबतो. त्यामुळे तो बॅटरी न काढता, किल्ली बंद ठेवून लावला तर गाडीला वेगळं काही जाणवत नाही. पण नुसत्या ट्रान्सफॉर्मरच्या स्वस्त चार्जरमधून येणारी वीज लाटांनी येते आणि बॅटरी भरत आली की लाटेचं टोक खूप वर जातं. स्मार्ट चार्जरमधलं ‘रिपेअर’ किंवा ‘रिकंडिशन’ हे बटणही असंच. बॅटरीच्या पट्ट्यांवर साचलेले कठीण स्फटिक सोडवायला ते मुद्दाम पावणेसोळा-सोळा व्होल्टपर्यंत जातं. ते वापरायचं तर बॅटरी गाडीबाहेरच हवी.

दुसरा घोळ अँपिअरचा. दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत आठ-नऊ अँपिअर-अवरची बॅटरी असते, शंभर-सव्वाशे सीसीत तर तीन-चारची. बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा प्रवाह मानवतो, म्हणजे आठच्या बॅटरीला पाऊण-एक अँपिअर. अर्धी उतरलेली बॅटरी या वेगाने भरायला पाच-सहा तास आणि वर शेवटची भर, थोडक्यात एक रात्र. गॅरेजमधला कारचा चार्जर पाच ते दहा अँपिअर ढकलतो. बॅटरी तासाभरात गरम होते, गाडी लगेच चालू होते, मालक खूश होतो आणि दोन महिन्यांत नवी बॅटरी घेतो. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून दोन वायरी आणणारेही आहेत. लोडशेडिंगने आपल्याकडे घरोघरी जे वायरमन तयार केले, त्यांचा हा उद्योग. दीडशे अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी रिकाम्या आठच्या बॅटरीला थेट जोडली की प्रवाहाला कुणी अडवणारा नसतो. कारवरून वायर घ्यायचीच वेळ आली तर कारचं इंजिन बंद ठेवावं, आणि दुचाकी सुरू झाल्यावर बॅटरीचं टोक सैल करून बघण्याचा जुना खेळ अजिबात करू नये. चालत्या इंजिनात बॅटरी सुटली की दाब क्षणात उसळतो आणि त्याला झेलणारं कुणी नसतं.

जोडणीचा क्रम अनेकांना पाठ असतो, त्यामागचं कारण नसतं. बॅटरी काढताना आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह. गाडीची सगळी चासी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी लाल सोडवायला गेलात आणि पाना चासीला टेकला तर ठिणगी उडते, पानासुद्धा तापतो. काळी आधी सुटली असेल तर पाना चासीला कुठेही टेकला तरी काही होत नाही. बसवताना उलट, लाल आधी. चार्जरचे चिमटे बॅटरीला लावून झाल्यावर भिंतीवरचं बटण चालू करायचं आणि काढताना आधी ते बंद करायचं, कारण चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडू शकते आणि चिमट्याची ठिणगी नेमकी तिथेच पडते. लिथियम बॅटरी बसवली असेल तर चार्जर लिथियमचाच घ्यावा. रिपेअरचं बटण तिथे घातक.

बॅटरी वारंवार उतरण्याचं एक कारण लोक सर्वांत उशिरा तपासतात: जीपीएस ट्रॅकर. कारखान्यातून आलेली गाडी उभी असताना एक-दोन मिलीअँपिअर ओढते. बॅटरी महिनोन् महिने तग धरते. हौसेने बसवलेला ट्रॅकर सतत जागा राहून वीस मिलीअँपिअर घेत असेल असं धरू. दिवसाला अर्धा अँपिअर-अवर झाला. आठची बॅटरी सोळा दिवसांत रिकामी, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी नकार देणार. मल्टिमीटर लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.७ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, बाराच्या खाली गेली तर त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. तशीच ठेवली की पट्ट्यांवरचे स्फटिक घट्ट होत जातात. दहा मिनिटं जागेवर इंजिन चालवून बॅटरी भरत नाही. तेवढ्या फेऱ्यांवर जी वीज तयार होते, ती बरीचशी तो न विझणारा हेडलाइट खातो.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. ही सगळी कसरत करायची तर बॅटरीपर्यंत हात पोचला पाहिजे. बाजूचं पॅनेल, अॅलन कीचे स्क्रू, सीटखाली बोट जाईना अशी फट, आणि तिथे लाल टोकावर रबरी टोपी. हँडलवरच्या यूएसबी पोर्टातून उलटं चार्जिंग करू पाहणारे मी ऐकले आहेत. ते होत नाही, कारण मधलं सर्किट एकाच दिशेने वीज जाऊ देतं. बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाड्यांत जाड सॉकेट असतं, पण तिथेही गंमत आहे. त्या गाड्यांतले भाग कॅन-बस नावाच्या सामायिक तारेवर एकमेकांशी बोलतात. बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेली ही पद्धत कारमधून दुचाकीत आली. किल्ली काढली की काही वेळाने गाडीचा संगणक ते सॉकेटच बंद करतो. साधा चार्जर त्यात खुपसला की दिवा लागत नाही आणि लोक चार्जर परत करायला दुकानात जातात. तिथे संगणकाला आधी जागं करणारा, त्याच कामासाठी बनवलेला चार्जर लागतो किंवा थेट बॅटरीवरून स्वतंत्र वायर काढावी लागते.

ही स्वतंत्र वायर हाच सगळ्यांत सुटसुटीत इलाज आहे. बॅटरीच्या दोन टोकांना कायमची बसवलेली दोन कडी, लाल तारेत टोकाजवळ एक फ्यूज, आणि पॅनेलबाहेर लोंबणारी झाकणाची एक पिन. चार्जर आणला, पिन जोडली, सकाळी काढली. पाना नाही, ठिणगी नाही, उलटसुलट जोडण्याची भीती नाही. डुकाटीच्या बऱ्याच गाड्यांत ती कारखान्यातूनच येते. आपल्याकडे दीड-दोन लाखांच्या गाडीत ब्लूटूथ असतं, वळणावळणाचा नकाशा असतो, हातभर तार आणि एक फ्यूज मात्र नसतो. वीस हजारांचा ईसीयू वाचवणारी वस्तू काही शे रुपयांत बसते, आणि ती न देण्याचं एकही पटणारं कारण मला दिसत नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नाही ही अडचण राहतेच. विजेच्या गाड्यांसाठी प्लग मागणाऱ्यांशी आधीच भांडणं चालू आहेत. त्यात पेट्रोलच्या गाडीला चार्जिंग हवं म्हणालात तर सेक्रेटरी तुमच्याकडे कसे बघतील याची कल्पना करा. अशांनी बॅटरी काढून घरात, गॅलरीत, मोकळ्या हवेत चार्ज करावी किंवा आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास तरी सलग पळवावी.

तेव्हा चाकण, होसूर आणि चेन्नईच्या कारखान्यांना विनंती इतकीच: पुढचं मॉडेल आणाल तेव्हा मीटरवर आणखी एक चित्र वाढवण्याआधी ही पिन द्या, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचा व्होल्टेज दाखवा, तो आकडा ईसीयूला आधीच माहीत असतो. आणि गाडी बुक करणाऱ्यांनी अॅक्सेसरीजच्या यादीत क्रॅशगार्ड आणि सीटकव्हरच्या वर फ्यूज असलेली चार्जिंग वायर लिहून घ्यावी, ती डिलिव्हरीपूर्वी शोरूमच्याच मेकॅनिककडून बसवून घ्यावी आणि बिलावर तिची नोंद मागावी. उद्या वॉरंटीचा वाद निघाला तर तोच कागद कामाला येईल.